दाढ एका दिवसात फुटत नाही

“काल भाकरी खाताना दाढ फुटली.” वस्तीतल्या आरोग्य शिबिरात हे वाक्य इतक्या वेळा कानावर येते की ते ऐकले की मी लगेच पुढचा प्रश्न विचारते. त्या बाजूने चावताना आधी कधी कळ येत होती का? बहुतेक जण थोडे थांबतात आणि मान हलवतात. येत होती. कुणाला सहा महिने, कुणाला वर्षभर. गार पाणी लागले की झिणझिण्या यायच्या, एखादा घास चावला की वीज चमकावी तशी कळ जायची. मग त्या बाजूने खाणे बंद केले आणि विषय संपला.

भाकरीने दाढ फुटत नाही. दाढ आधीच तडकलेली असते, भाकरीच्या घासाने फक्त सुटायला आलेला तुकडा सुटतो. तडा पडणे आणि दाढ फुटणे यांच्यामध्ये बहुतेक वेळा महिने, कधी वर्षे जातात. त्या काळात दाढ इशारा देते आणि त्याच काळात ती वाचवता येते. तरीही आपल्या वस्त्यांत ती सहसा वाचत नाही. याला आपण नशीब म्हणतो. मला ते मान्य नाही. तो इशारा ओळखायला आपल्याला कुणी शिकवले नाही, आणि दाढ वाचवण्याचा उपचार आपल्या आवाक्यात ठेवलेला नाही, ही खरी कारणे आहेत. ही दोन्ही कारणे माणसांनी तयार केली आहेत, म्हणून ती बदलताही येतात.

दात मजबूत, पण काचेसारखा

दाताच्या वरच्या पांढऱ्या थराला एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. त्यात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे सापडलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांवर अभ्यासकांनी काम केले. तीन हजार वर्षे मातीत राहूनही दात अभ्यासण्याजोगे टिकले, एवढी त्यांची ताकद.

पण कठीण असणे आणि न तुटणे यात फरक आहे. स्टीलचा डबा हातातून पडला तर पोचा येतो, काचेची बरणी पडली तर तडकते. एनॅमल काचेच्या जातीचे आहे. त्याच्याखाली डेंटीन नावाचा थर असतो. त्यात खनिज सुमारे ७० टक्के आणि बाकीचे मुख्यतः प्रथिन आणि पाणी. म्हणून तो थोडा लवचिक असतो. वर कडक आणि खाली किंचित दबणारा, अशी ही जोडी आहे. शिवाय एनॅमलच्या आतले बारीक धागे चटईच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. वरून पडलेला बारीक तडा या विणीत अडकतो, किंवा दोन थरांच्या सांध्यावर येऊन थांबतो.

चाळिशी ओलांडलेल्या कुणीही मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात आरशात पुढचे दात पाहावेत. उभ्या, केसासारख्या रेषा दिसतील. त्या एनॅमलपुरत्या असतात. दुखत नसतील तर घाबरायचे काही नाही आणि त्यावर पैसे घालवायचीही गरज नाही. खरी काळजी दाढांची.

जबडा म्हणजे अडकित्ता

सुपारी कातरताना आपण ती अडकित्त्याच्या टोकाशी ठेवत नाही, खिळीजवळ ठेवतो. तिथे जोर जास्त लागतो. जबड्याची खिळी कानाच्या पुढे आहे आणि दाढा तिच्याजवळ. म्हणून पुढच्या दातांपेक्षा दाढांवर कितीतरी जास्त दाब पडतो. निरोगी प्रौढ माणूस पूर्ण ताकदीने चावला तर दाढांवर ५० किलोच्या आसपास दाब येऊ शकतो, काहींचा त्याहून बराच जास्त. सिमेंटची एक गोणी ५० किलोची असते, हे आपल्यातल्या बांधकामावरच्या माणसांना सांगायला नको.

घास मऊ असला तर हा दाब पूर्ण दाढेवर पसरतो. शिवाय रोजच्या चावण्याला एवढा जोर लागतही नाही. पण डाळीतला खडा, मटणाचे हाड, भाजलेला चिंचोका किंवा लाह्यांमधला न फुललेला मका दाढेखाली आला, की सगळा जोर मोहरीएवढ्या जागेवर येतो. तिथे तडा सुरू होतो.

तड्याचा स्वभाव समजून घ्या. काचेला एकदा चीर पडली की पुढचा सगळा ताण त्या चिरेच्या टोकावर गोळा होतो. मग तिला पुढे न्यायला मोठा धक्का लागत नाही. दिवसाला आपण शेकडो वेळा चावतो आणि प्रत्येक चावण्याला चीर किंचित उघडते, किंचित मिटते. तार वाकवून वाकवून तोडतो तसेच हे. एका वाकवण्याने तुटत नाही, शंभराव्या वाकवण्याने तुटते, आणि दोष मात्र शंभराव्याला लागतो.

दाढांची रचनाही यात भर घालते. वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात बसतो. दाढ शाबूत असेल तोवर चावायला हे सोयीचे, पण चीर पडली की तोच उंचवटा लाकडात ठोकलेल्या पाचरीसारखे काम करतो. तडकलेल्या दाढांमध्ये खालच्या दाढा जास्त दिसतात, त्याचे हे एक कारण. दाढेच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला शेताच्या बांधासारखी कड असते, ती दाढेला आवळून धरते. कीड लागून ती कड गेली आणि मध्ये मोठे सिमेंट किंवा चांदी भरली, तर उरलेल्या भिंती पातळ होतात. अशी दाढ तडकण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून लहान कीड लहान असतानाच भरून घ्यावी. मोठी चांदी भरलेली दाढ असेल तर ती वर्षातून एकदा दाखवावी.

आपल्या सवयी, आपली कामे

दातांनी आपण काय काय करतो याची यादी करा. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडतो. शिवणकाम करणाऱ्या बाया दिवसभर धागा दातांनी तोडतात. वायरमन पोरे पक्कड खिशात असताना वायर दातांनी सोलतात. उसाचे कांडे दातांनी सोलतो, मटणाची नळी दाढेखाली फोडतो, उन्हाळ्यात बर्फ कडाकडा चावतो. कडक चान्या नीट न शिजवता चघळतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण दात हे हत्यार नाही. पकडीचे पाते तुटले तर नवी पकड मिळते.

सुपारीबद्दल वेगळे बोलावे लागेल. रोठा असो वा भाजकी, कडक खांड दिवसातून दहा वेळा दाढेखाली फोडणे म्हणजे तड्याला रोज खतपाणी घालणे. सुपारीने दाढा झिजतात, तडकतात. हा झाला लहान तोटा. मोठा तोटा असा की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. तोंड उघडायला त्रास होऊ लागला असेल, गालाच्या आत पांढरट ताठरपणा वाटत असेल, तर दाढेचा विचार नंतर करा, आधी तोंड तपासून घ्या.

मिश्रीचा संबंध दुसऱ्या बाजूने येतो. मिश्रीने दाढ तडकत नाही, पण दुखणारी दाढ बधिर होते. आपल्याकडे कितीतरी बायांना मिश्रीची सवय दाढदुखीतूनच लागली. दुखणे दबते, तडा खाली जात राहतो आणि तंबाखू मात्र आयुष्यभराची सोबतीण होते. मेडिकलमधून आणलेल्या गोळीचेही तेच. गोळीने कळ थांबते, तडा सांधत नाही. मोडलेले हाड जुळून येते, कारण हाडात जिवंत पेशी असतात. एनॅमल बनवणाऱ्या पेशी मात्र दात वर येतानाच संपून जातात, म्हणून त्याला पडलेला तडा कधीच आपोआप भरून येत नाही.

आणखी एक कारण दिसत नाही, कारण ते झोपेत घडते. रात्री दात खाणे. जागेपणी जास्त जोर लागला की आपण चावणे आवरतो, झोपेत तो लगाम सैल असतो. चिंता आणि ताण वाढला की हे वाढते. कोविडच्या काळात, २०२१ च्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने आपल्या सभासदांना विचारले, तेव्हा दहापैकी सहाहून अधिक जणांनी तडकलेल्या दातांचे रुग्ण वाढल्याचे सांगितले. तिथे ताणाने दाढा तडकत असतील, तर हप्ता थकलेल्या, कंत्राट संपत आलेल्या, झोपडी पाडण्याची नोटीस लागलेल्या घरांत काय होत असेल? सकाळी उठल्यावर जबडा आणि कानशिले जड वाटत असतील, शेजारी झोपणारे माणूस कडकड आवाज येतो म्हणत असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. रात्री दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी मिळते. ती ताण घालवत नाही, पण दाढ वाचवते.

इशारा ओळखा

या दुखण्याला १९६४ साली कॅमेरॉन नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने नाव दिले. त्याची खूण किडक्या दाढेच्या ठणक्यापेक्षा वेगळी असते. ती अशी :

चावताना एकदम, सुरी टोचल्यासारखी कळ येते आणि लगेच जाते. अनेकांना चावताना नव्हे, तर चावून दात सोडताना कळ येते. ही फार महत्त्वाची खूण आहे, ती लक्षात ठेवा. चावताना चीर उघडते, सोडताना झटकन मिटते. डेंटीनमधल्या बारीक नळ्यांतले पाणी तेव्हा हलते आणि आतली नस चमकते.

गार पाणी, गार हवा झोंबते. गोडही कधीकधी झोंबते.

नेमकी कोणती दाढ, ते सांगता येत नाही. “इथेच कुठेतरी” असे होते. दाताच्या नसेला जागा ओळखता येत नाही, म्हणून असे होते. तुम्ही खोटे बोलत नाही आणि तुम्हाला भासही होत नाही.

दुखणे रोज नसते. मऊ खाल्ले की नाही, नेमका कोपरा दाबला गेला की असते.

ही चार लक्षणे घेऊन दवाखान्यात गेलात आणि एक्स-रे काढला, तर तो बहुतेक वेळा स्वच्छ येतो. मग “काही नाही, गोळ्या घ्या” असे म्हणून परत पाठवले जाते. एक्स-रेत का दिसत नाही ते समजून घ्या. दोन भाकऱ्या एकावर एक ठेवल्या आणि वरून पाहिले तर मधली फट दिसत नाही, बाजूने पाहिली तरच दिसते. दाढेतला तडा बहुतेक वेळा पुढून मागे जातो आणि एक्स-रेचा किरण गालाकडून जिभेकडे जातो. किरण त्या फटीकडे वरूनच पाहतो. म्हणून स्वच्छ एक्स-रे म्हणजे तडा नाही, असा अर्थ होत नाही.

तुम्ही डॉक्टरांना सांगा, “चावून सोडताना कळ येते, दाढ तडकली आहे का ते बघा.” दाढेच्या एकेका कोपऱ्यावर कापसाची गुंडाळी किंवा छोटी काडी ठेवून चावायला लावणे, दाढेवर उजेड टाकून तो कुठे अडतो ते पाहणे, रंग लावून चीर शोधणे, या साध्या तपासण्या आहेत. त्यांना मोठे मशीन लागत नाही, वेळ देणारा डॉक्टर लागतो.

लवकर गेलात तर

बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव का चढवतात? चाक उकलू नये म्हणून. दाढेची कॅप तेच काम करते. ती दाढेला चारही बाजूंनी आवळून धरते, त्यामुळे चावताना चीर उघडत नाही. तडा वरवरचा असेल तर कॅप पुरते. नसेपर्यंत गेला असेल तर आधी रूट कॅनल, मग कॅप. फक्त कोपरा तुटला असेल तर अनेकदा भरूनही भागते. मात्र तडा मुळापर्यंत जाऊन दाढेची दोन शकले झाली असतील, तर ती काढावीच लागते. तिथे दुसरा इलाज नाही आणि घाबरण्यासारखेही काही नाही. दाढ काढल्याने नजर जाते, हा समज खोटा आहे.

म्हणजे उशीर जितका जास्त, तितका उपचार मोठा आणि खर्चही मोठा. सगळ्यात शेवटी जो उपचार उरतो, तोच सगळ्यात स्वस्त असतो : काढून टाकणे. आपल्या वस्त्यांत सगळे त्या शेवटच्या उपचारावर येऊन थांबतात.

अर्धा उपचार

माझ्या ओळखीच्या एका बचत गटातल्या ताई चार घरची धुणीभांडी करतात. खालची दाढ दुखली म्हणून त्यांनी गटातून कर्ज काढले आणि एका खासगी दवाखान्यात रूट कॅनल करून घेतले. दुखणे थांबले. कॅपचे पैसे वेगळे लागतील, हे त्यांना शेवटच्या दिवशी कळले. पैसे नव्हते, दुखतही नव्हते, म्हणून कॅप राहून गेली. नऊ महिन्यांनी दाढ मधोमध उभी फाटली. काढावी लागली. कर्जाचे हप्ते मात्र दाढ गेल्यावरही चालू राहिले.

असे होणे ठरलेलेच असते. रूट कॅनलमध्ये दाढ आतून कोरली जाते, भिंती पातळ होतात. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रूट कॅनल केलेले पण कॅप न बसवलेले दात, कॅप बसवलेल्या दातांच्या तुलनेत सहापट वेगाने गमावले गेल्याचे आढळले. दाढेच्या रूट कॅनलनंतर कॅपला ऐच्छिक दागिना समजणे, ही गरिबाची फसगत आहे. घराच्या भिंती बांधून छपराचे पैसे वेगळे सांगणारा ठेकेदार आपण सहन करू का?

काही डॉक्टर म्हणतात, “मॅडम, या लोकांनाच काढून हवी असते.” हे अर्धसत्य आहे. माणूस परवडेल तेच मागतो. खासगीत रूट कॅनल आणि कॅप मिळून घरकाम करणाऱ्या बाईची महिन्याची कमाई सहज जाते. वर दिवसभराची खाडी पडते ती वेगळीच. अशा वेळी “काढून टाका” हे वाक्य तिचे नसते, तिच्या पगाराचे असते.

“एक गेली तर काय झाले, बाकीच्या आहेत ना” असे आपणही म्हणतो. पण एक दाढ गेली की शेजारची कलते, समोरची लांबते, आणि गेलेल्या दाढेचा भार उरलेल्यांवर पडतो. मग पुढचा तडा त्यांना. पन्नाशीतच भाकरी कालवणात कुस्करून खाणाऱ्या बाया आपण पाहतो. त्या हरभरे, शेंगदाणे, काकडी, मटण सोडून देतात आणि चहात बुडवलेल्या खारीवर येतात. हिमोग्लोबिन का कमी, याचे एक उत्तर तोंडातही असते.

आपण काय मागायचे

पुण्यात ससूनमध्ये दंतविभाग आहे. दंत महाविद्यालयेही आहेत : कॅम्पात आझम कॅम्पसमधले रंगूनवाला, धनकवडीला भारती विद्यापीठाचे, वडगाव बुद्रुकला सिंहगडचे. तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात आणि खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, पण दाढ वाचते. ई.एस.आय.चे कार्ड असेल तर ते दातांसाठीही घेऊन जा. पण राज्यातली जुनी सरकारी दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. पुण्याच्या वाट्याला आली ती खासगी संस्थांची. आणि येरवडा, ताडीवाला रोड, जनता वसाहत, रामटेकडी अशा वस्त्यांतल्या माणसाला रोज बुडवून शहराच्या दुसऱ्या टोकाला चार फेऱ्या मारणे म्हणजे काय, हे ज्याने रोज बुडवला त्यालाच कळते.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. त्याची खूण वस्तीजवळच्या दवाखान्यात दिसली पाहिजे. म्हणून आपली मागणी तीन गोष्टींची असावी. पहिली, महापालिकेच्या वस्तीजवळच्या दवाखान्यांत आठवड्यातून निदान दोन दिवस दातांची खुर्ची चालू हवी, तीही संध्याकाळी, काम सुटल्यावर. दुसरी, त्या खुर्चीवर दात काढण्यासोबत भरणे, रूट कॅनल आणि साधी धातूची कॅप हेही झाले पाहिजे. पांढरी शुभ्र कॅप नको, चावता येईल अशी पुरे. तिसरी, सरकारी असो वा खासगी, दाढेचे रूट कॅनल सुरू करण्याआधी कॅपसह पूर्ण खर्च कागदावर लिहून मिळाला पाहिजे.

विहारांतल्या आरोग्य शिबिरांतही बदल हवा. बीपी, शुगर तपासतो तसे प्रत्येकाला दोन प्रश्न विचारू : चावून सोडताना कळ येते का? आणि रूट कॅनल करून कॅप राहिली आहे का? “हो” म्हणणाऱ्यांची यादी करा, आणि पंधरा-वीस जण एकत्र मिळून एखाद्या दंत महाविद्यालयात जा. एकटी बाई गेली की तिला पुढची तारीख मिळते. वीस जणी गेल्या की बोलणे होते.

तोवर घरात एवढे करा. डाळ-तांदूळ निवडल्याशिवाय शिजवू नका. बाटली उघडायला ओपनर, धाग्याला कात्री, वायरला पक्कड. सुपारीची पुडी मुलांच्या हाताला लागू देऊ नका. आणि एका बाजूने चावणे तुम्ही कधी बंद केले ते आठवा. एका बाजूने खाणे ही सवय नाही, ते लक्षण आहे. त्या बाजूची दाढ या महिन्यातच दाखवून घ्या.